चौकातल्या फ्लेक्सवरची आठ पोरं

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, नानासोंना, फ्लेक्सचा भारी सोस. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात एखादं पोरगं पोलीस भरतीत निवडलं गेलं, तरी फ्लेक्सवर त्याच्यापेक्षा नानासोंचा फोटो मोठा. आम्ही शिक्षक मान खाली घालून पुढं जायचो. क्रांती मॅडमना ते कधी जमलंच नाही.

मॅडम साताऱ्याच्या, निवृत्त सुभेदाराची लेक. समुपदेशक म्हणून दर गुरुवारी शाळेत यायच्या आणि नववी ‘ड’ची आठ पोरं घेऊन चित्रकलेच्या खोलीत सतरंजीवर गोल करून बसायच्या. ‘ड’ म्हणजे कमी मार्कांची म्हणून बाजूला काढलेली तुकडी. ‘तुमच्याकडनं काय होणाराय’ हेच ऐकत वाढलेली ही पोरं. त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य काढायला मॅडमना महिने लागले.

त्यातली पल्लवी जतकडच्या मेंढपाळाची पोरगी, इथं मावशीकडे राहून शिकायची. ती दिसली की वर्गातली टारगट पोरं मेंढीसारखी ओरडायची. दिवाळीपर्यंत ती गोलात नुसती बसून राहिली. मग एकदा म्हणाली, “मला लय राग येतो त्यांचा.”

“यायलाच पाहिजे,” मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून पोरगी बोलायला लागली. माझ्या तासाला आपणहून फळ्याशी येऊन गणितं सोडवायला लागली.

आणि नानासोंचा वाढदिवस आला. गुरुवारी चौकात फ्लेक्स लागला. वर हात जोडलेले नानासो, त्याखाली ‘मनाने कमकुवत विद्यार्थ्यांना उभारी देणारे नेतृत्व’, आणि त्याखाली ओळखपत्रावरून उचललेले आठ पोरांचे फोटो, नावासकट! ना पोरांना विचारलं, ना मॅडमना. मुख्याध्यापक म्हणतात कसे, “अहो, पोरांचं कौतुकच झालं की.” कौतुक! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरलेले पल्लवीचे वडील बिराप्पा त्याच दिवशी बाजाराला आले होते. त्यांना वाचता येत नाही. फ्लेक्सवर लेक दिसली म्हटल्यावर माणूस हरखला. पेढे घेतले आणि पेढेवाल्यालाच विचारलं, “काय लिवलंय वं?” त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आजूबाजूची माणसं हसली.

बिराप्पा पेढ्यांचा पुडा हातात तसाच धरून शाळेत मॅडमकडे आले. “आवं बाई, पोरगी खुळी हाय म्हणून चौकात टांगली व्हय? मी नेतो तिला. रानात तिला कोण हसत न्हाई.”

मॅडम तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते म्हणाले, “वाढदिवस होऊ द्या, मग उतरवू.” मॅडम तशाच बाहेर पडल्या. शिपायाकडून शिडी घेतली, कपाटातली मोठी कात्री घेतली आणि चालू लागल्या. बिराप्पा, पल्लवी आणि मी मागोमाग.

चौकात शिडी लावून मॅडम चढणार, तोच पल्लवीनं त्यांच्या हातातली कात्री घेतली. “फोटो माझा हाय, मॅडम.”

ती चढली. मॅडमनी शिडी घट्ट धरली. नानासोंचे कार्यकर्ते धावत आले. “ए पोरी, खाली उतर!”

“लावताना मला इचारलं हुतं का?” पल्लवी वरून ओरडली. सगळा बाजार वळून बघायला लागला. तिनं आधी स्वतःचा फोटो कापला, मग एकेक करत बाकीचे सातही. कार्यकर्त्यांची शिडीला हात लावायची छाती झाली नाही, कारण खाली मॅडम उभ्या होत्या.

ती उतरली तेव्हा बिराप्पांनी पेढ्याचा पुडा तिच्या हातात दिला. “ऱ्हा हितंच,” म्हणाले, “शीक.”

संस्थेनं मात्र लगेच डाव साधला. शिस्तभंगाचं कारण सांगून मॅडमचं शाळेत येणं बंद केलं. मोडून पडलेल्या पोरांना उभं करायचं, आणि ती खरोखर उभी राहिली की उभं करणाऱ्यालाच हाकलायचं, असली ही शाळा! मला इथं पगार घ्यायची लाज वाटते.

पुढच्या गुरुवारी ती आठही पोरं मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहिली. “आमच्या मॅडम कुठं हायत?” पल्लवीनं विचारलं. साहेबांनी वर्गात पिटाळलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पोरं पुन्हा आली. अजून येतात, आणि साहेब गुरुवारी केबिनचं दार लावून बसतात.