आत्याबाईंचा बस्ता

दुकानाच्या पायऱ्यांपाशी तीनचाकी सायकल उभी करायची, घंटी वाजवायची आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचं. आतून कुणी डोकावलं की ठरलेलं वाक्य यायचं, "माल तुमचा वर हाय, गिऱ्हाईक खाली हाय. आता कोण यायचं ते ठरवा."

परभणीच्या कापडपेठेत त्या काळी तुम्ही खरेदीला गेला असाल, तर तुम्हीही ही घंटी ऐकली असेल. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्या पेडगावच्या. घर मोठ्या शेतीवाडीचं, भाऊ अबोल. लहानपणीच्या तापात दोन्ही पाय गेलेले, लग्न झालेलं नाही. पण कापूस काय दरानं विकायचा, बैल कुठल्या बाजारातून आणायचा, हे सगळं आत्याबाईच ठरवत. खरेदीची त्यांना भारी हौस. भावाच्या टेम्पोत सायकल चढवून त्या शहरात येत आणि पेठेला वेठीला धरत.

मी पेठेतला पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचो. बसायचो पायऱ्यांवर नाहीतर शिडीवर, त्यामुळं दुकानाच्या दारात काय चाललंय ते मला मालकाआधी दिसायचं.

ती सायकल त्यांना सरकारनं दिली होती. सरकारनं अपंगांसाठी म्हणून एक अख्खं वर्ष पाळलं, त्या वर्षातली गोष्ट. मैदानात मंडप, उंच स्टेज, स्टेजवर साहेबलोक. सायकली खाली रांगेत उभ्या. आणि ज्यांना सायकली द्यायच्या त्यांनी हार घालून घ्यायला स्टेजवर यायचं, असा कार्यक्रम छापलेला. शिपाई एकेकाला काखेत धरून वर चढवत होते. मागचा पडदा रंगवायचं काम माझं असल्यानं मी तिथंच होतो. आत्याबाईंची पाळी आली तसं त्यांनी शिपायाला थांबवलं.

"सायकल खाली हाय, मीबी खालीच हाय. साहेबाला कामून वर ठेवलंय?"

साहेब हसत हसत खाली उतरले. उतरताना त्यांनाच शिपायाचा हात धरावा लागला. पायऱ्या तशा खडबडीतच होत्या.

एका शनिवारी त्या अशाच एका दुकानाबाहेर थांबल्या होत्या. शनिवार म्हणजे दानधर्माचा वार. मारुतीचं दर्शन घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी जाता जाता त्यांच्या मांडीवर नाणं टाकलं. आत्याबाईंनी ते निरखून पाहिलं, मग गृहस्थांना निरखून पाहिलं.

"भाऊ, सदरा लय चांगला हाय. कुठनं घेतला? आमच्या सालगड्याला असाच घ्यायचाय."

गृहस्थांनी दुकानाचं नावही सांगितलं नाही.

मग पुतळीचं लग्न ठरलं. पुतळी म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी, आत्याबाईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. लग्नाचा बस्ता म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात बसायचं आणि नवरीपासून दूरच्या मावशीपर्यंत सगळ्यांचं कापड काढायचं. घरातल्यांनी आत्याबाईंना समजावलं, "तुमी कशाला तरास घेता, आमी साड्या घरी आणून दाखवू." आत्याबाई म्हणाल्या, "ज्या दुकानात मी माझ्या सायकलीवर आत जाईन तिथंच पुतळीचा बस्ता. नसंल तसं दुकान, तर पोरगी परकरावर उभी ऱ्हाईल बोहल्यावर."

ही बातमी पेठेत पोचली आणि पेठेला एकाएकी माणुसकीचा पाझर फुटला.

सगळ्यात आधी कोपऱ्यावरच्या मोठ्या शेठनी मला बोलावलं. त्यांच्या दुकानाला भल्या उंच पायऱ्या. म्हणाले, "पेंटर, झकास पाटी कर. अपंग बंधू-भगिनींचे सहर्ष स्वागत. शेजारी सायकलीचं चित्र काढ." मी विचारलं, "आणि पायऱ्या?" शेठ म्हणाले, "पायऱ्यांना राहू दे, त्यांना मागच्या दिवाळीलाच रंग दिलाय."

पाटी लागली ती सगळ्यात वरच्या पायरीच्या वर. म्हणजे पायऱ्या चढून येईल त्याचंच स्वागत. मी शिडीवर शेवटचा हात फिरवत होतो तेवढ्यात खाली घंटी वाजली.

"पेंटर, अक्षर लय झ्याक हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तुमची सायकल भिंतीवर चढली. माझी कशी चढायची?"

शेठ धावत बाहेर आले. त्यांनी दोन हमाल तयारच ठेवले होते, खुर्चीसकट. आत्याबाईंनी हमालांकडं पाहिलं. "सरकीचं पोतं हाय का मी?" एवढं म्हणून त्यांनी सायकल वळवली.

आठवड्यात शेठनी उतार बांधून घेतला. पण दुकानापुढं लगेच गटार आणि गटारापुढं रस्ता, त्यामुळं गवंड्याला जेवढी जागा मिळाली तेवढ्यात त्यानं सगळा चढ कोंबला. बघायला पेठ जमली. शेठनी आधी मुनीमजींना कुठूनशी मागून आणलेल्या तीनचाकीवर बसवून उतरवून पाहिलं. मुनीमजी सुटले ते थेट समोरच्या पानपट्टीत. आत्याबाई लांबून पाहत होत्या.

"शेठ, ह्याच्यावरनं दुकानात जाता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर दुकानातनं निघता मात्र लवकर येतंय."

बस्ता झाला तो मागच्या बोळातल्या एका लहान दुकानात. ते दुकान रस्त्याच्या बरोबरीला होतं, कारण मालकाला जोतं बांधायला कधी जमलंच नव्हतं. पावसाळ्यात पाणी आत यायचं आणि तो मालक तागे फळीवर चढवत बसायचा. त्यानं पाटी लावली नाही की स्वागत केलं नाही. तो सायकलीपाशी आला आणि म्हणाला, "आत्याबाई, कुठं अडतंय?"

पेठेतल्या दुसऱ्या कुणाला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"उंबऱ्याला अडतंय. अन् तुमच्या गादीला."

त्याची आई आतून ओरडली, उंबरा काढला तर लक्ष्मी जाईल म्हणून. तो म्हणाला, "आई, लक्ष्मी भायेर सायकलीवर बसलीया." सुताराला बोलावून त्यानं उंबरा काढला, गादी भिंतीला सरकवली, आणि आत्याबाई कुणाचा हात न लागता थेट ताग्यांपाशी गेल्या. दिवसभर साड्या उलगडल्या. कापड हातानं चुरगाळून, उजेडाला धरून, नापसंत करून करून त्यांनी त्या मालकाला घाम फोडला. इतकं सुखी माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

पुढं मोठ्या शेठनीही उतार पाडून नवा बांधला, बाजूनं लांबवर नेलेला, सावकाश चढणारा. म्हाताऱ्या बाया त्यावरून जाऊ लागल्या, लेकुरवाळ्या जाऊ लागल्या, हमालांच्या हातगाड्या गठ्ठे घेऊन थेट आत जाऊ लागल्या. शेठ सगळ्यांना सांगत, ही कल्पना आपलीच. आत्याबाईंनी कधी खोडून काढलं नाही. म्हणायच्या, "बांधलं न्हवं? मग आसू द्या त्येचीच."

आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बोळातलं दुकान राहिलं नाही, पेठेत घंटी वाजत नाही. पण त्यांची आठवण निघाली की मला पेठ आठवत नाही. बस्त्यानंतरची पेडगावातली एक दुपार आठवते.

लग्नासाठी घराची दर्शनी भिंत रंगवायला त्यांनी मला बोलावलं होतं. गणपती, कलश, वधूवरांची नावं. दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे होते. मी दलित वस्तीतला, नामांतराच्या मागणीच्या भिंतीही मीच रंगवलेल्या, आणि हे गावाला ठाऊक होतं. दुपारी जेवण आलं. अंगणातल्या लिंबाखाली, पत्रावळीवर, आणि पाण्याला कोनाड्यात वेगळा ठेवलेला गिलास. घरातली माणसं वर ओसरीवर जेवायला बसत होती. ओसरीला आत्याबाईंच्या सायकलीसाठी सुरेख उतार केलेला होता.

मला राग आला नव्हता. सवय होती. पण तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, अन्न तुमचं वर हाय, जेवणारा खाली हाय."

भावानं मान खाली घातली. आत्याबाईंनी सायकल वळवली आणि त्या आत निघून गेल्या. मी मनात म्हटलं, काम गेलं. ब्रश धुवायला घेतले.

थोड्या वेळानं सायकलीचा करकर आवाज आला. आत्याबाई उतारावरून खाली येत होत्या, मांडीवर त्यांचं ताट. माझ्याशेजारी लिंबाखाली येऊन थांबल्या.

"पेंटर, तुमाला वर बसवायचं तर आत माझं एकटीचं चालत न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "खाली यायला मात्र मला कुणाला इचारावं लागत न्हाई."

आम्ही जेवू लागलो. वांग्याची भाजी तिखट होती, दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं, ते कशाचं याची चौकशी कुणी केली नाही. भाकरी संपली तशी आत्याबाईंनी मान वर न करता हाक दिली, "वहिनी, हिकडं भाकरी आणा."

ओसरीवर कुजबूज झाली. मग डोक्यावरचा पदर सावरत, टोपली घेऊन वहिनी उतार उतरून आल्या. त्यांनी एक भाकरी आत्याबाईंच्या ताटात ठेवली. मग माझ्याकडं वळल्या. आणि वाकून, वरून न टाकता, दुसरी माझ्या पत्रावळीवर ठेवली.

"घ्या पेंटर," त्या म्हणाल्या, "गरम हाय."