दोराचा मान

मोयस्त्राना गावात त्रिग्लाव डोंगराबद्दल ओझ्बेयइतकं कुणी बोललं नसेल. त्याचा घोडा लिस्का पीठ, सरपण आणि दारूचे बुधले घेऊन कर्मा खोऱ्याच्या लांबलचक, सोप्या वाटेने वरच्या विश्रामघरापर्यंत जायचा. तिथून पुढे नुसता खडक. घोडा थांबायचा, आणि खरं सांगायचं तर ओझ्बेयही थांबायचा.

तरुणपणी एकदा तो मुख्य टोकाआधीच्या धाकट्या त्रिग्लावच्या खांद्यापर्यंत चढला होता. टोकाकडे जाणारी अरुंद धार दिसली, तसाच माघारी आला. गुत्त्यात कुणी विचारलं, "टोक गाठलंस?" तोंडातून "हो" निसटलं. झालं! त्या एका "हो"ला तो आयुष्यभर दाणावैरण घालत राहिला. टोकावरून उतरलेली माणसं विश्रामघराच्या चुलीशी बसून वर्णन करायची, तो ते कानात साठवायचा आणि गुत्त्यात ओतायचा. "धारेवर डाव्या हाताला व्राताची दरी. नुसती आ वासलेली!"

मग लेकीचं ठरलं. तिंकाराने निवडला तिलेन, डोंगरापलीकडच्या ट्रेंटाचा.

"ट्रेंटाची वाट म्हणजे चोरवाट," ओझ्बेय भर गुत्त्यात गरजला. "आमच्या बाजूने चढ. पहिल्यांदा चढणाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे टोकावर ढुंगणावर दोराचे फटके खा. मग बघू लग्नाचं."

"माझे फटके पोरपणीच खाऊन झालेत," तिलेन हसला. "पण तुमच्या वाटेने पुन्हा खाईन. मारायला मात्र तुम्हीच हवे, सासरेबुवा."

सगळा गुत्ता वळून बघायला लागला. ज्याने स्वतः फटके खाल्लेत, त्यालाच दुसऱ्याला मारण्याचा मान. आता नाही म्हणावं तर अब्रू गेली, आणि जावं तर ती धार.

तो गेला, खांद्यावर दोर टाकून. तिंकाराही सोबत होती. धाकट्या त्रिग्लावच्या खांद्यापाशी आल्यावर त्याने घसा खाकरून जावयाला बजावलं, "आता डावीकडे अजिबात बघू नकोस. व्राताची दरी आहे."

तिलेन मुद्दाम डावीकडे वाकला. खाली दक्षिणेकडच्या विश्रामघराचं छप्पर उन्हात चमकत होतं, कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

"दरी कुठे सरकली हो, सासरेबुवा?"

दरी उजवीकडे होती. काळी, खोल, खालून गार वारा फुंकणारी. ओझ्बेयने खडकात ठोकलेली लोखंडी खुंटी दोन्ही हातांनी कवटाळली. चुलीशी ऐकलेलं सगळं वर्णन उतरणाऱ्यांचं होतं, चढताना डावं-उजवं उलटतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"चला बाबा, खुंटी सोडा. पुढची धरा," तिंकारा मागून म्हणाली. "मी आहे."

खुंटीमागून खुंटी धरत, डोळे अर्धे मिटून, देवाला आणि लिस्काला आठवत तो टोकावर पोचला. चहूकडे डोंगर असे पसरले होते, की क्षणभर तो खोटं बोलायचंही विसरला.

"द्या तो दोर. माझे फटके केव्हाच खाऊन झालेत, आता तुमचे," तिंकारा म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"मला? अहो, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही 'डाव्या हाताला' म्हणालात, की मागच्या बाकावरचे ग्लासात तोंड खुपसून हसतात. तुमचं मन मोडायला नको म्हणून कुणी बोलत नाही. आणि ऐकायला मजा येते."

ओझ्बेयचे कान लालेलाल झाले.

तिलेनने त्याच्या खांद्यावरून दोर काढून घेतला आणि बोटांवर फिरवला. "एक सुटका आहे. फटके माफ. फक्त गुत्त्यात उभं राहून सांगायचं, की ट्रेंटाची वाट सगळ्यांत देखणी."

"मेलो तरी नाही!" ओझ्बेय उसळला. मग टोपी काढली, खडकावर हात टेकले आणि वाकला. "मार. पण दोर पोरीच्या हातात दे. ट्रेंटाचा हात लागता कामा नये."

तिंकाराने जराही दयामाया न दाखवता दोर उगारला. पहिला फटका बसला तेव्हा ओझ्बेयला स्वतःच्याच दोन पायांमधून ट्रेंटाचं खोरं दिसलं. हिरवंगार, नदीच्या निळ्या रेघेसकट, उलटं टांगलेलं.

"कसं दिसतंय, सासरेबुवा?" तिलेनने विचारलं.

"ठीकठाक," ओझ्बेय दात आवळून म्हणाला. "पोरी, जोरात मार. एवढ्याशा फटक्यांवर जावयाला मारायचा मान मिळायचा नाही, आणि त्याला मी सोडणार नाही."