पहिला नंबर पडणाऱ्याला

सँडीफोर्डच्या लुआस ट्रामच्या स्टॉपवर रोज सकाळी त्या आयरिश आजी भेटायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. काउन्सिलच्या निवडणुकीआधी समोरच्या खांबावर दोन जुन्या मोठ्या पक्षांची पोस्टर लागली, एकाखाली एक. ट्राम येईपर्यंत आजी छत्रीच्या टोकाने खांबावर टकटक करायच्या.

"माझे वडील वरच्याचे, सासरे खालच्याचे. माझ्या लग्नातही एकमेकांशी बोलले नाहीत. आता हे दोघं मिळून सरकार चालवतात, आणि माझ्या नातवाला घर मिळत नाही."

"मग मत द्यायचं कशाला?" मी वैतागून म्हणालो. या देशात मी पहिल्यांदाच मत देणार होतो आणि आधीच कंटाळलो होतो.

"अरे, इथे पसंतीने नंबर द्यायचे असतात. मी पहिला नंबर आमच्या भागातल्या अपक्ष बाईला देते. ती पडते. मग माझं मत दुसऱ्या नंबरकडे जातं. वाया जात नाही."

मतदानाच्या दिवशी मी त्या बाईंच्या नावापुढे पेन्सिलीने एक लिहिला आणि पुढचे नंबर सावकाश देत गेलो.

आठवड्याभराने पोस्टर उतरली होती. आजींनी सवयीने रिकाम्या खांबावर छत्री टेकवली.

"पडल्या ना त्या?" मी विचारलं.

"पडली. पण मागे मतमोजणीच्या पहिल्याच फेरीत पडली होती, या वेळी शेवटच्या फेरीपर्यंत टिकली. ग्रँड, छानच झालं. पुढच्या वेळी निवडून येईल."

पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहे. ऐंशी ओलांडलेल्या आजी मात्र पुढच्या ट्रामबद्दल सांगावं तशा बोलत होत्या.