डाख दिलेला फ्लोट

नोकरीतल्या मोठमोठ्या दरोड्यांचे तपशील आता पुसट झाले. एका कार्बोरेटरची केस मात्र आजही क्रमाने सांगता येते. पन्नासच्या दशकात मी घाटकोपरला फौजदार होतो. मुलुंडच्या एका डॉक्टरांची मोटारसायकल दवाखान्याबाहेरून चोरीला गेली आणि तपासाचा कागद आमच्याकडेही आला. त्यात एकच उपयोगी खूण होती: कार्बोरेटरच्या वाटीवर डॉक्टरांनी स्वतः कोरलेली फुली.

रविवारी सकाळी खबऱ्या आला. विक्रोळीच्या एका कारखान्यातला फिटर मोटारसायकलचे भाग वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणतो, म्हणाला. आम्ही गेलो, तेव्हा तो कंपनीच्या चाळीच्या अंगणात गोणपाट अंथरून गाडीच खोलत बसला होता. लष्कराच्या भंगारातली गाडी; सुटीच्या दिवशी एकेक भाग बदलून त्याने ती चालती केली होती. मी कार्बोरेटर पुसला. वाटीवर फुली होती.

पंचनाम्यात एक लाकडी खोकेही आले. झिजलेल्या क्लच प्लेट, दात गेलेले स्प्रॉकेट, सैल पडलेली चेन, तुटक्या केबली. प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधलेली.

"साहेब, हा तर मोटारसायकलींचा खाटीक निघाला!" हवालदार म्हणाले. सगळी चाळ बघत असताना त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढले.

ठाण्यात मी विचारले, "बाकीची गाडी कुठे लपवलीस?"

"मी नाय चोरली, साहेब. कार्बोरेटर कुर्ल्याच्या गॅरेजमधून घेतला. माझा जुना देऊन, वर थोडे पैसे."

"पावती?"

"जुन्या पार्टाची पावती कोण देतो, साहेब?" मग आवाज खाली गेला. "अटक लिहिलीत तर कंपनी उद्याच काढेल. खोलीपण कंपनीची. बायकोला घेऊन कुठे जाऊ?"

स्टेशन डायरी उघडलेली होती. पण लिहिण्याआधी मुद्देमालाची यादी पुन्हा वाचायची माझी सवय. त्या खोक्यात एकही भाग धड नव्हता. चोर चांगला माल लपवतो. झिजलेला कशाला जपेल?

"हा कचरा का ठेवलास?"

त्याने हवालदारांकडे पाहिले. दोघेही मालवणकडचे. "हवालदारानु, जुनो पार्ट सोबत नेल्याशिवाय नव्याचा माप कसा गावतला?"

हवालदारांचे हसू थांबले. "बरोबर बोलतो, साहेब. सायकलचं पॅडल आणायला मीपण जुनं घेऊनच जातो."

"गॅरेजवाल्याला दिलेला कार्बोरेटर ओळखशील?"

"बाहेरून नाय. खोलून बघा. आत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट चिरला होता, त्याला दोन ठिकाणी कथलाचा डाख दिलाय. सुई घासली होती, ती पितळेची घडवली. कानशीने, हातानं."

ती जबानी मी शब्दशः लिहून सही घेतली. डायरीचे पान कोरेच ठेवले आणि दुपारी पंचांसह कुर्ला गाठले.

गॅरेजवाला फिटरला बघून हसला. "कोण हा? ओळख ना पाळख! माझ्याकडे मिस्त्री लोक येतात, साहेब, असले अंगणातले कारागीर नाय."

मागे रॉकेलच्या डब्यात चार कार्बोरेटर भिजत पडले होते. पंचांसमोर एकेक खोलला. तिसऱ्याच्या फ्लोटवर डाखाचे दोन ठिपके निघाले, आणि पितळेची सुई.

"जरा वाकडी बसलीय," फिटर म्हणाला. "माझीच."

गॅरेजवाला खाली बसला. डॉक्टरांच्या गाडीचा सांगाडा मागच्या पडवीत पोत्यांखाली सापडला. फिटर आरोपी होता होता सरकारी साक्षीदार झाला.

"जा आता घरी. उद्या कामावर हजर हो," मी म्हणालो.

तो हलला नाही. "साहेब, एकटा गेलो तर लोक म्हणतील जामिनावर सुटला. सकाळी सगळ्यांसमोर तुम्ही नेलंत. तुम्हीच सोडा."

हवालदार त्याच्यावर डोळे वटारू लागले. मी त्यांना थांबवले आणि टोपी घातली.

संध्याकाळी चाळीच्या अंगणात उभा राहून मी मोठ्याने सांगितले, "यांनी चोरी केलेली नाही. चोर यांच्यामुळे सापडला. चूक माझी होती." गॅलऱ्यांतले लोक कठड्याशी आले. त्याची बायको आतून ताट घेऊन आली. सकाळी अंगणात विखुरलेले नट, पाने आणि स्क्रू तिने वेचून त्यात ठेवले होते. तिने ते त्याच्यापुढे ठेवले, आणि तो गोणपाटावर बसला.

संशयिताला ठाण्यात कसे आणायचे, हे आम्हाला नीट शिकवले होते. परत कसे पोचवायचे, हे कोणी शिकवले नव्हते. पुढच्या नोकरीत निर्दोष ठरलेल्या माणसाला मी नुसते "जा" म्हटले नाही. जिथून उचलला, तिथे दिवसाउजेडी, वर्दीत, स्वतः नेऊन सोडला.