दुधाळ बशीतलं कडं

शेवगावकडची आमची जमीन काळी, पण चुनखडीची. सुपर फॉस्फेट कितीही टाका, त्यातलं स्फुरद चुना धरून बसतो, पिकाला मिळूच देत नाही. मातीतले काही जिवाणू मात्र आम्ल सोडून ते विरघळवतात आणि मुळांना मोकळं करून देतात. शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्याच मागे लागले होते.

काचेच्या बशीत स्फुरद घातलेला अगर, म्हणजे समुद्रशेवाळाची जेली, दुधासारखा पांढरा गोठायचा. त्यावर माती कालवलेलं पाणी पसरायचं आणि जिवाणूंचे ठिपके उमटायची वाट बघायची. ज्या ठिपक्याभोवती पांढरं विरघळून स्वच्छ कडं पडेल, तो जिवाणू आपल्या कामाचा. वडिलांनी तुरीची मुळं मातीसकट ओल्या फडक्यात बांधून आणली होती. त्यातून माझा ठिपका निघाला. पिवळसर, कडेला चुण्या पडलेला, भोवती असं रुंद कडं की मी बशी घेऊन नाचलेच.

शेजारच्या ओट्यावर माझी मैत्रीण असायची, वसतिगृहात एकाच खोलीतली. ती कोल्हारची, प्रवरेकाठच्या बागायतीतली. तिच्या उसाच्या मातीतून काही केल्या कडं पडेना.

बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात मी घरी निघाले, तेव्हा माझ्या जिवाणूंची एक नळी तिच्याकडे ठेवायला दिली. शेजारणीकडे विरजण ठेवावं तशी. आपलं नासलं तर तिच्याकडून आणायचं. आमच्याकडे भांड्यांवर नावं घालतात, विरजणावर कोण घालतं? मी नळीवर चिठ्ठीही चिकटवली नाही.

परत आले तर फ्रीज बंद पडलेला, माझ्या सगळ्या नळ्यांना बुरशी. धावत तिच्याकडे गेले.

“माझ्याकडचंही गेलं गं,” ती म्हणाली. मी तिचीच समजूत काढली! घरून पुन्हा माती आणली, पण तूर जळून गेली होती. तो ठिपका पुन्हा निघालाच नाही.

मग एके दिवशी आमच्या सरांनी तिची बशी उजेडात धरली. पिवळसर ठिपका, चुणीदार कड, रुंद कडं.

“कुठली माती?”

“आमच्या उसातली, सर,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुट्टीभर ती कोल्हारला गेलीच नव्हती, मग नवी माती आली कुठून?

व्हरांड्यात मी तिला गाठलं. “तो माझा ठिपका आहे,” मी म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, “नळीवर तुझं नाव होतं का?” जिच्या ताटात मी जेवले, तिने असं विचारावं! त्या दिवशी मी खोली बदलली.

वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी पहिलं तेच विचारलं, “आपल्या वावरातलं ते जीव कुटं हायेत?” मी सगळं सांगितलं, आता ते कोल्हारच्या उसातले म्हणवतात हेही.

“कोल्हारला पानी हाय,” ते म्हणाले. “बरं झालं. जगतील तरी.”

त्यांना बरं वाटलं, म्हणून तर मला रडू फुटलं. मला बरं वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही.