एकाच शब्दाच्या तीन चिठ्ठ्या

मुलांनो, द्वारकेला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारे आयरिश गृहस्थ राहत. त्यांच्या आयरिश भाषेचा शब्दकोश करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं; शब्द चिठ्ठ्यांवर लिहून ते खोक्यांत ठेवत. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडून मी त्यांची खोली आवरली. एकच शब्द तीन-तीन चिठ्ठ्यांवर दिसला, म्हणून एकेक ठेवून बाकीच्या कबाडीवाल्याला दिल्या.

घरी आल्यावर ते खोकी चाळत बसले.

"बाकीच्या कुठे आहेत, मॅडम?"

"शब्द तेच होते, म्हणून काढल्या."

"प्रत्येक चिठ्ठीवर वेगळ्या गावच्या माणसाचं वाक्य होतं."

"मग त्यांना पुन्हा विचारा ना."

"कुणाला? त्यातलं आता कुणीच राहिलं नाही."

मी कबाडीवाल्याकडे धावले, पण त्याचा माल कधीच गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडची किल्ली मागून घेतली, तीही आभार मानून.