रक्तपिशाचाला भाकरी

त्या पिशाचाचं शेवटी काय झालं, एवढंच मला परत बघायचं होतं. बाकी बघायची हौस आता राहिली नाही.

आणीबाणी उठल्यावरचा गणपती होता. सोलापुरात आमच्या चाळीत तेव्हा टीव्ही कसला, रेडिओ दोन घरांत. मंडळानं सिनेमा दाखवणारा एक मशीनवाला आणला. बाहेरदेशी टीव्हीवर भुताखेतांची मालिका लागायची म्हणे, तिची रिळं त्याच्याकडं होती. त्यातला एक भाग रक्तपिशाचाचा, पण हसवणारा. बोळाच्या मधोमध मांजरपाटाचा पडदा ताणला. पुढून बाप्ये बसले, मागून बाया. आमच्याकडं रीतच तशी. मागून सगळं उलटं दिसायचं. मी म्हणायचो पिशाच उजव्या अंगाला चावला, बायको म्हणायची डाव्या. त्यावर आम्ही जन्मभर भांडलो.

बोलणं सगळं इंग्रजी. कुणाला काही कळंना. मग मिलमधला आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, उभा राहून सांगायला लागला. एरवी तो मागावर आमच्यावर ओरडायचा, त्या दिवशी पिशाचावर ओरडला. काळा झगा घातलेला पिशाच एका म्हातारीच्या घरात भाड्यानं राहायला येतो. म्हातारी त्याच्या ताटात लसूण वाढते, तसा तो किंचाळून खुर्चीवर चढतो. असल्या पिशाचाला लसूण सोसत नाही, हे जॉबरला तरी काय ठाऊक. तो म्हणाला, "चातुर्मास धरलाय त्यानं. कांदा-लसूण चालत न्हाय."

पडद्यामागून माझ्या बायकोचा आवाज आला, "आन् रगत चालतंय व्हय, भावजी?"

सगळा बोळ हसला. जॉबर म्हणाला, "उपासाला चालत आसंल की त्यांच्यात, वहिनी."

पण शेवट तिनं बघितला नाही. थोरली लेक तेव्हा मांडीवर होती, ती रडायला लागली, म्हणून ही उठून घरी गेली. शेवटी सकाळ होते, म्हातारी खिडकीचा पडदा सारते, ऊन आत येतं आणि पिशाच जळून जातो. झगा तेवढा उरतो, त्यानं म्हातारी जमीन पुसते. घरी येऊन मी हे सांगितलं.

"एवढं हसवलं त्यानं, आन् त्यालाच जाळत्यात व्हय?" ती म्हणाली.

तिनं आपला शेवट लावला. म्हातारी पिशाचाला पाटावर बसवते, बिनलसणाचं कोरड्यास आणि भाकरी वाढते, तो पोटभर खातो आणि रक्त प्यायचं सोडतो. आमची तिन्ही लेकरं ह्या गोष्टीवर जेवली. मी दर वेळी मधे तोंड घालायचो, "खोटं हाय ते." ती म्हणायची, "तुमी गप बसा, तुमाला कुणी इचारलंय."

गेल्या साली ती दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवरची बाई सारखी रडायची. हिला दम लागायचा, तरी तुटक तुटक तिला पिशाचाची गोष्ट सांगत होती. भाकरीपर्यंत आली. मी म्हणालो, "तू शेवट बघितलाच न्हवता. जाळला त्याला."

ती बाई माझ्याकडं बघत राहिली. बायको म्हणाली, "आसंल." आणि भिंतीकडं तोंड केलं.

आसंल असं ती मला कधी म्हणाली नव्हती. चार दिवसांनी गेली. ती गोष्ट परत काही तिनं सांगितली नाही.

तेव्हापासून वाटायचं, आपणच चुकलो असू. जॉबरच्या बडबडीत भलतंच डोक्यात बसलं असेल. भाकरी नाही तर पावाचा तुकडा तरी दिला असेल म्हातारीनं. तसं निघालं असतं तर बरं झालं असतं. बायको खरी, मी खोटा, एवढंच हवं होतं.

आता मी कुर्डुवाडीला थोरल्या लेकीकडं असतो. जावई रेल्वेत आहे. त्यानं मोबाईलवर शोधून शोधून तो भाग काढला आणि दुपारी टीव्हीवर लावून ड्यूटीला गेला. मी बघत बसलो. लेक शेजारी मेथी निवडत होती. हसू काही आलं नाही. लसणाचा प्रसंग आला तसं मी टीव्हीच्या मागं बघितलं. मागं भिंत होती.

कुकरची शिट्टी झाली, लेक उठून आत गेली. तेवढ्यात टीव्हीत सकाळ झाली. म्हातारीनं पडदा सारला. पिशाच जळाला. तिनं झगा उचलला आणि जमीन पुसली. मी सांगत होतो तसंच, काडीचा फरक नाही.

आतून लेकीनं विचारलं, "आण्णा, आई सांगायची तशीच भाकरी वाढती का हो ती म्हातारी?"

"व्हय," मी म्हणालो. "वाढती. ये, बंद कर आता ते."